"कळतं की!" : कलिंगड, हातातलं ज्ञान आणि इतिहासाची साधनं

मागच्या उन्हाळ्यात नदीकाठच्या एका शेतात कलिंगडाची तोडणी चालू होती. मी बांधावर वही घेऊन उभा होतो. एक काका वेलींमधून वाकून चालत होते. एका फळाला टिचकी मारून ते सोडून द्यायचे, दुसरं देठापासून कापून बाजूला ठेवायचे. मी विचारलं, "काका, तयार झालंय हे कशावरून ओळखता?" ते म्हणाले, "कळतं की!" आणि पुढे गेले.

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनो, वहीत फक्त "कळतं की" एवढंच असेल तर त्यावर इतिहासाचं प्रकरण कसं लिहायचं? आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

आधी निर्णय किती अवघड असतो ते बघू. आंबा थोडा आधी उतरवला तरी अढीत घालता येतो. कलिंगडाचं तसं नाही. वेलीवरून तोडलं की त्याची गोडी पुढे वाढत नाही. म्हणजे तोडणाऱ्याला एकच संधी, आणि तीही फळ न कापता. शेतीच्या माहितीपत्रकांत खुणा दिलेल्या असतात : देठाजवळची बाळी वाळते, जमिनीला टेकलेला भाग पांढऱ्याचा पिवळसर होतो, कच्चं फळ टणटण वाजतं आणि तयार फळ बदबद. पण ही यादी पाठ करून कोणी तोडणीत तरबेज होत नाही. मायकेल पोलानी यांनी 1966 च्या 'द टॅसिट डायमेन्शन' या पुस्तकात अशाच ज्ञानाबद्दल लिहिलंय. आपल्याला जितकं सांगता येतं त्यापेक्षा जास्त माहीत असतं, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

मग असं ज्ञान कागदावर कधी उतरतं? माझं उत्तर असं : तोडणारा आणि घेणारा एकमेकांना अनोळखी झाले, किंवा मध्ये तिसरा कोणी हिशेब मागायला आला, की खुणा लिहिल्या जातात.

पहिलं उदाहरण जुनं आहे. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात, कोणत्या पिकावर दशमांश कोणत्या टप्प्याला लागू होतो याचे नियम आहेत. त्यात कलिंगडही आहे. कोवळ्या फळावरची लव जाऊन ते गुळगुळीत होणं, असा तिथल्या खुणेचा अर्थ साधारणपणे लावतात. वाचताना वाटतं, सापडली पिकण्याची खूण! पण थांबा. हा नियम 'देणं कधीपासून लागू' हे सांगतो, 'गोड कधी' हे नाही. साधन स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर देतं, आपल्या नाही. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली होती.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. मार्क ट्वेन आत्मचरित्रात मिसुरीमधल्या काकांच्या शेतावरचं बालपण आठवतो. कलिंगड न कापता ते तयार आहे की नाही हे आपल्याला ओळखता येतं, असं तो सांगतो. पण कसं, ते सांगत नाही! त्याच्यापुरतं तेही "कळतं की". आता पुढचा प्रश्न विचारा : त्या शेतावर राबत कोण होतं? तिथे गुलाम कृष्णवर्णीय माणसं होती. हे ज्ञान त्यांच्याही हातात असणार, पण त्यांची आत्मचरित्रं आपल्याकडे नाहीत.

गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने संपल्यावर अनेक मुक्त कृष्णवर्णीयांनी कलिंगडं पिकवून विकली. ती त्यांची स्वतःची कमाई होती. इतिहासकार विल्यम ब्लॅक यांची मांडणी अशी की, या स्वावलंबनाचा राग असलेल्या गोऱ्या समाजाने त्याच फळाची टिंगल केली. व्यंगचित्रांत कृष्णवर्णीय माणूस कलिंगडावर तुटून पडणारा किंवा चोरणारा दिसू लागला. दप्तरात चित्रं भरपूर उरली, पिकवणाऱ्याचं कसब मात्र त्यांत नाही. म्हणून साधनांची संख्या मोजून समाधान मानू नका. ती कोणी, कोणाबद्दल तयार केली ते बघा.

तिसऱ्या टप्प्यावर कानाची जागा आकडा घेतो. लांबच्या बाजारात टिचकीवर कोण विश्वास ठेवणार? अमेरिकी कृषी खात्याच्या प्रतवारीत रसातले विद्राव्य घटक किमान 8 टक्के असतील तर आतला दर्जा 'चांगला', आणि 10 टक्के असतील तर 'फार चांगला'. पण ते मोजायला फळ कापावं लागतं. 1980 मध्ये जपानी संशोधकांनी सफरचंद आणि कलिंगडावर ठोका देऊन त्यांची नैसर्गिक कंपनसंख्या मोजण्याची पद्धत मांडली. फळ पिकताना गर मऊ होतो आणि ही कंपनसंख्या उतरते. म्हणजे प्रयोगशाळेने टिचकीच मोजली.

आता पुन्हा शेतावर. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला. "कसं ओळखता?" असं न विचारता एका फळाकडे बोट दाखवून म्हटलं, "काका, याची बाळी तर वाळलीय. मग हे का सोडलं?"

काका थांबले. "ह्या कडेला पाणी कमी पडलंय. वेलच सुकत आलाय, म्हणून बाळी वाळली. खालून बघ, अजून पांढरंच हाय." मग दहा मिनिटं ते बोलत होते : कोणती खूण कधी फसवते, सकाळी आणि उन्हात आवाजात काय फरक वाटतो, सुरुवातीला किती फळं वाया घालवली.

मुलाखतीला जाल तेव्हा एवढं करा. कसब काय आहे हे विचारू नका, समोरच्या एका वस्तूबद्दल विचारा. आणि शक्यतो नाकारलेल्या वस्तूबद्दल. त्या दिवशी माझ्या वहीची सहा पानं भरली.