कोम्स्टबोर्श्ट

प्लाउटडीच ही जर्मन बोली बोलणाऱ्या, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या घरांतलं कोबीचं सूप म्हणजे 'कोम्स्टबोर्श्ट'. या लोकांच्या स्थलांतराचा इतका भरवशाचा पुरावा मला दुसरा दिसत नाही. सोळाव्या शतकात धर्मछळाला कंटाळून नेदरलँड्स सोडलेली ही मंडळी विस्तुला नदीच्या मुखाशी दलदल उपसून शेती करू लागली. तिथल्या बोलीत कोबीला 'कुम्स्ट' म्हणत; सुपाच्या नावातलं 'कोम्स्ट' ते हेच. त्याचं मूळ लॅटिन 'कॉम्पोझिटुम', म्हणजे एकत्र घालून ठेवलेलं. मुरवलेल्या कोबीचं नाव पुढे ताज्या गड्ड्यालाच चिकटलं.

1789 मध्ये ते रशियन साम्राज्यात, नीपरकाठच्या खोर्तित्साला आले आणि युक्रेनियन शेजाऱ्यांकडून 'बोर्श्ट' उचललं. तेही मुळात एका रानभाजीचं नाव. ती आंबवून तिचं सार करत. बीट फार नंतर आलं. मेनोनाइटांनी ते बहुतेक वगळलंच: मांसाच्या रश्श्यात कोबी, बटाटा, भरपूर शेपू आणि वरून साय. शेपूचा तो उग्र वास हाच मला या सुपाचा प्राण वाटतो.

1874 पासून कॅनडातल्या मॅनिटोबात, 1922 पासून मेक्सिकोत आणि 1927 पासून पॅराग्वेच्या रखरखीत चाको प्रदेशात त्यांची नवी गावं वसली. प्लाउटडीच तिथं आजही अनेक घरांत बोलली जाते.