गणपतराव आंदळकर : एका मल्लाचे मोजमाप

महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत लागणारे नाते हे चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले हे पुरुष १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पराभूत झाले. एवढी बुद्धी असून सर्वोच्च पद लाभले नाही, अशी हळहळ त्यांच्या गावी बसून आम्हीही केली आहे. मल्लविद्येच्या प्रांतात हीच हळहळ गणपतराव आंदळकरांविषयी ऐकू येते. ती कितपत रास्त आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आंदळकरांचा जन्म १९३५ साली शिराळा तालुक्यातील पुनवत गावी झाला. कोल्हापुरात येऊन त्यांनी मोतीबाग तालमीत अंग कमावले व १९६० साली हिंदकेसरीची गदा मिळविली. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडासामन्यांत अवजड गटात त्यांनी ग्रीको-रोमन कुस्तीत सुवर्णपदक आणि मुक्त कुस्तीत रौप्यपदक पटकाविले. दोन वर्षांनी ते टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उतरले. पण तेथे पदक हाती आले नाही. टीकाकारांचा सारा मुद्दा या शेवटच्या वाक्यावर उभा आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक आणले; मग एवढ्या बलाढ्य देहाच्या आंदळकरांना ते का साधू नये, असे ते विचारतात.

प्रश्न अन्यायाचा नव्हे, परंतु अपुरा आहे. खाशाबा हलक्या वजनाचे मल्ल होते, आणि १९४८ साली लंडनला जाऊन त्यांनी गादीवरच्या कुस्तीचा अनुभव गाठीस बांधला होता. आंदळकर ज्या गटात लढले, त्यात वजनाला ९७ किलोंची खालची मर्यादा होती, वरची नव्हती. शिवाय तांबड्या मातीतली कुस्ती म्हणजे धीराचा व्यवहार. प्रतिस्पर्ध्याला दमवावे, त्याचा तोल हेरावा आणि पाठ मातीला लावावी. चीत झाल्यावाचून निकाल नाही. गादीवर मात्र घड्याळ असते आणि पंच गुण मोजीत असतात. त्या काळच्या ऑलिंपिक नियमांप्रमाणे तर चीत न करता केवळ गुणांवर जिंकणाऱ्याच्या नावावरही एक दोषगुण चढे, आणि सहा दोषगुण होताच मल्ल बाद होई. राजर्षी शाहूंनी उभारलेल्या खासबागेच्या मैदानात जी सबुरी मल्लाचे भूषण ठरे, तीच येथे महाग पडावी, असा हा खेळ होता.

तथापि परिस्थितीच्या आड सारेच दडविणे आम्हांस मान्य नाही. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली पकड घालण्यास मनाई असते. आपल्या मल्लांचा पट काढण्याचा हुकमी डाव तेथे निरुपयोगी. असे असूनही आंदळकरांनी सुवर्ण जिंकले ते याच प्रकारात. याचा अर्थ एवढाच, की परकी रीत आत्मसात करण्याची शक्ती त्यांच्या ठायी पुरेपूर होती. म्हणूनच टोकियोतील अपयश मनाला अधिक लागते. वर्षानुवर्षे गादीवर सराव आणि परदेशी मल्लांशी वारंवार झुंजी, हे त्यांना मिळाले असते तर, असा विचार येतो. परंतु 'असते तर' या शब्दांवर इतिहास लिहिता येत नाही.

इतिहास लिहिता येतो तो घडलेल्या गोष्टींवर. आंदळकर पुढे मोतीबागेत वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दादू चौगुले १९७० व १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनी अवजड गटातच रौप्यपदक मिळविले. गुरूचे जे राहिले त्यातले थोडे शिष्याने परदेशी गादीवर वसूल केले, असे म्हणावयास हरकत नाही.

तेव्हा आमचा निर्णय असा : ऑलिंपिकच्या मापाने आंदळकर उणे पडले, आणि ते उणेपण झाकण्याचे कारण नाही. पण त्यातला मोठा वाटा त्यांच्या काळाचा आहे. माती सुटत होती, गादी अजून आपली झाली नव्हती, आणि त्या मधल्या जागेत त्यांची ऐन उमेदीची वर्षे गेली. २०१८ साली ते निवर्तले. आपल्या घरातील एखादा गुणी मुलगा शिखराच्या अलीकडे थांबला, तर त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या पायांखाली आपण कोणती जमीन दिली होती, हे वडीलधाऱ्यांनी एकदा आठवून पाहावे.