अर्धा र (ऱ्), संगणकीय लेखनातील

देवनागरी लिपीतील र या व्यंजनाचे, पुढील अक्षराच्या डाव्या अंगास जोडून लिहिले जाणारे अर्धे रूप. मराठीत ते मुख्यतः य व ह या वर्णांपूर्वी येते. उदा., वऱ्हाड, कुऱ्हाड, गिऱ्हाईक, बऱ्याच. त्याचा आकार पापणीसारखा भासत असल्याने इंग्रजीत त्यास ‘आयलॅश रा’ असे म्हणतात. नेपाळी व नेवारी भाषांच्या लेखनातही ते आढळते.

हे रूप अर्थभेदक आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ हे दरी या शब्दाचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ हा आचार्य या शब्दापासून, तर ‘आचाऱ्यांना’ हा आचारी या शब्दापासून झालेला आहे. रफाराच्या पूर्वीच्या अक्षरावर आघात येतो, अर्ध्या र-च्या पूर्वी तो येत नाही. शिळाप्रेस वा खिळ्यांच्या छपाईत हा भेद आकारानेच दाखविता येई. संगणकात मात्र आकार नव्हे, तर वर्णांचे क्रमांक साठविले जातात आणि र पुढे हलन्त आल्यास यंत्र नियमाने रफारच दाखविते. त्यामुळे अर्ध्या र साठी वेगळी तरतूद आवश्यक ठरली.

‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीने (भारतीय मानक १३१९४ : १९९१) ती ऱ या वर्णाच्या आधारे केली. द्राविडी भाषांतील कठोर र च्या लिप्यंतरासाठी असलेल्या या वर्णापुढे हलन्त आल्यास अर्धा र दिसावा, असा तिचा संकेत होता. ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ ही कळ दाबून ऱ, त्यानंतर ‘डी’ कळीने हलन्त व मग पुढील व्यंजन अशा क्रमाने हे रूप उमटते. १९९० च्या दशकात छपाईसाठी प्रचारात आलेल्या अनेक टंकांत (फाँटांत) मात्र निर्मात्यागणिक संकेत भिन्न होते. परिणामी एका टंकातील मजकूर दुसऱ्यात वाचता येत नसे.

युनिकोड ही जागतिक संकेतप्रणाली १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली आहे. १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीनुसार र, हलन्त व त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक हा क्रम अर्ध्या र साठी योजला जाई. पुढे इस्कीशी सुसंगत असा ऱ (सोळा पायाच्या अंकपद्धतीतील क्रमांक ०९३१) व हलन्त हा क्रम स्वीकारण्यात आला. जुन्या मजकुरासाठी पहिला क्रमही मान्य राहिला.

या दुहेरी मान्यतेतून व्यावहारिक अडचणी उद्भवतात. दोन्ही क्रम पडद्यावर सारखेच दिसतात, परंतु यंत्राच्या दृष्टीने ते भिन्न असतात. ‘गोऱ्हे’ वा ‘कऱ्हाडे’ हे आडनाव एका यादीत एका क्रमाने व दुसरीत दुसऱ्या क्रमाने टंकलिखित झाले असल्यास साधा शोध ते जुळवू शकत नाही. अदृश्य जोडक निरुपयोगी समजून काही आज्ञावल्या तो गाळतात. तसे झाल्यास अर्ध्या र-चा रफार होऊन आचाऱ्यांचे आचार्य होतात. यास्तव कोश, अभिलेख व नामावल्या यांचे संगणकीकरण करताना सर्वत्र एकच क्रम, शक्यतो ऱ व हलन्त हा, वापरणे आणि शोधापूर्वी जुना क्रम त्यात रूपांतरित करून घेणे इष्ट ठरते.