रेवडीची कुस्ती

पहिलं वर्षभर वस्तादांनी मला एकही डाव दाखवला नाही. १९६६ साली वडिलांनी मला कोल्हापुरात आजीकडं ठेवलं आणि तिच्या पेठेतल्या तालमीत नेऊन सोडलं. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पहाटे साडेचारला उठायचं, मारुतीपुढची जागा झाडायची, पाणी भरायचं, आणि मोठे पैलवान हौदा उकरायला लागले की त्यांच्या मागं बसून ढेकळं फोडायची. तालमीतली माती रोज उकरावी लागते. दोन दिवस हात लागला नाही तर ती दगडासारखी बसते आणि पडणाऱ्याचं अंग सोलून काढते. ताक, लिंबू, तेल, हळद, काव, कापूर असं बरंच काही तिच्यात घालायचे. आम्हा पोरांचं काम खडे वेचायचं. एकदा मी कंटाळून तसाच उठलो, तर वस्ताद म्हणाले, "तुझा जोडीदार हिच्यावर पडणार हाय. खडा ऱ्हायला तर तो तुझा."

चारित्र्यावर त्यांनी आम्हाला कधी व्याख्यान दिलं नाही. जे काही शिकलो ते त्या खड्यांतून.

मग जोर आणि बैठका आल्या. सुरुवातीला वीस जोर, चाळीस बैठका. मोजायचं मोठ्यानं, आणि दम गेला तर "गेला" म्हणून उठायचं. न मारलेला जोर मोजला तर सगळे पहिल्यापासून. त्यानंतर पडायला शिकायचं. हनुवटी छातीला लावून, डोकं न आपटता, दम सोडत पडायचं. मान घट्ट व्हावी म्हणून डोकं मातीत टेकून अंगाची कमान करायची. पाडायला शिकण्याआधी पडायला शिकवणारी ही पद्धत कुणी काढली माहीत नाही, पण लहान पोरांसाठी याहून शहाणी पद्धत मी पाहिलेली नाही. एकेरी पट हा माझा पहिला डाव, तो दुसऱ्या वर्षी आला.

त्याच वर्षी माझ्याकडून मोठी चूक झाली. कमरेवर रुपयाएवढं गजकर्ण उठलं. सांगितलं तर पंधरा दिवस मातीत उतरता येणार नाही, म्हणून लंगोटाच्या पट्टीखाली ते लपवलं. महिन्याभरात सात पोरांना लागण झाली. वस्तादांनी वरची माती काढून टाकली, उरलेली उकरून वाळवली, तालीम बंद ठेवली आणि रोज संध्याकाळी एवढंच विचारलं, "कुणापासनं?" तिसऱ्या दिवशी मी उभा राहिलो. मार बसणार म्हणून डोळे मिटले होते. मार बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून दारात उभं राहून प्रत्येक पोराची नखं आणि अंग बघायचं काम माझ्याकडं आलं, आणि त्याआधी स्वतःचं अंग सगळ्यांना दाखवायचं. अडुसष्ट वर्षं ओलांडली तरी गावच्या तालमीत ते काम मी अजून करतो, आणि अजून आधी स्वतःचे हात पुढं करतो.

आमच्या त्या तालमीमागचा इतिहास मला पुढं वाचनातून कळला. कोल्हापूर संस्थानात १८९४ साली शाहू महाराजांच्या हाती कारभार आला. महाराज स्वतः कुस्तीत मुरलेले. पेठापेठांतल्या तालमींना त्यांनी बळ दिलं, मल्लांच्या खुराकाचा भार संस्थानावर घेतला, उत्तरेतले नामांकित मल्ल कोल्हापूरला आणले. युरोपात त्यांनी जुनी गोल मैदानं पाहिली होती. त्या धर्तीवर बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं. मधे खाली हौदा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक, त्यामुळं अगदी मागच्या माणसालाही मल्लाचे पाय दिसतात. सुरुवातीलाच इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या दोन बलाढ्य मल्लांची लढत तिथं झाली. याच राजानं १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरांना पाटी आणि माती दोन्ही मिळाली पाहिजे, असं मानणारा राजा आम्हाला लाभला, याचा मला अभिमान आहे.

तालमीत मारुती असतोच. पण बाबूजमाल तालमीचा मोहरमचा पंजा कोल्हापुरात कुणाला माहीत नाही? आमच्या हौद्यात मराठा, महार, मुसलमान, धनगर अशी सगळी पोरं होती. एकमेकांच्या घामाची माती अंगाला लागली की विटाळ कुठला धरणार?

लहान पोरांची खरी परीक्षा मात्र खासबागेत नव्हे, गावच्या जत्रेत व्हायची. दुपार कलली की हलगी वाजायला लागायची आणि सगळ्यात आधी आमच्या कुस्त्या लागायच्या, रेवडीवरच्या. जाणती माणसं दोन पोरांना खांद्याला खांदा लावून उभं करायची, दंड चाचपायची, आणि जोड पटली तरच हात मिळवायला लावायची. जोड नको असेल तर पोरानं मान हलवायची. त्यात कमीपणा नव्हता. जिंकणाऱ्याला दोन ओंजळी रेवड्या, हरणाऱ्याला एक. पुढं वय वाढलं की नारळ, मग फेटा, आणि मिसरूड फुटल्यावर पैसे. वस्तादांची एक सक्त ताकीद असायची: चीत झालेल्या पोराला हात देऊन उठवायचं आणि त्याच्या पाठीची माती आपल्या हातानं झाडायची. ती झाडल्याशिवाय शड्डू ठोकला, तर रेवड्या परत.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीत वाढले. १९२६ चा जन्म, वडील दादासाहेब स्वतः पैलवान, आणि पाचव्या वर्षापासून पोराला मातीत उतरवलेलं. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शिष्यासाठी घर गहाण टाकणारा गुरू ज्या गावात होता, त्या गावात माझं बालपण गेलं.

१९४९ साली संस्थान विलीन झालं आणि राजाश्रय संपला. काही तालमी लोकवर्गणीवर तगल्या, काहींचे हौदे ओस पडले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावं आज कोल्हापुरात फुटबॉलच्या मैदानावर गाजतात. पोरं खेळतात याचा आनंदच आहे, पण तालीम म्हटल्यावर मातीचा वास आठवणारे कमी होत चालले.

जुनं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. बाईमाणसानं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही असा दंडक होता. माझा डबा घेऊन येणारी आजी बाहेरच्या पायरीवर बसून राहायची. तो दंडक चुकीचा होता. आज माझ्याकडं चौतीस मुलं येतात, त्यांत अकरा मुली आहेत, आणि त्या खडे मुलांपेक्षा चोख वेचतात.

पण जत्रेत आता जे दिसतं त्यानं जीव तुटतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावात सहा वर्षांच्या पोरांच्या कुस्तीवर पाचशे रुपये पुकारले. हरलेला पोरगा रडत बाहेर आला आणि बापानं सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली मारली. पाठीची माती कुणीच झाडली नाही. मी पुढं होऊन झाडली. त्या पोराचं सगळं अंग थरथरत होतं.

येत्या चैत्रात तुमच्या गावची जत्रा भरेल. जत्रा कमिटीत तुमचा शब्द चालत असेल तर एवढं करा: दहा वर्षांच्या आतल्या पोरापोरींच्या कुस्त्या सगळ्यात आधी लावा, आणि रेवडीवरच लावा. आमच्या गावात रेवड्यांचा खर्च गेली नऊ वर्षं मी करतो. गेल्या साली बारा किलो लागल्या.