ब्रेक डाऊन : एका क्रियापदाची वाटचाल

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. भोवती औद्योगिक वसाहत वाढली आणि शिफ्ट, ओव्हरटाइम यांच्या जोडीने ‘ब्रेकडाऊन’ हा शब्दही घराघरांत रुळला. ‘आज मशीन ब्रेकडाऊन झालं’ असे वडील म्हणाले की मुलांना ते लगेच कळते. पण सेमी-इंग्रजीच्या वर्गात हीच मुले वाचतात, की शरीरात अन्न ‘ब्रेक डाऊन’ होते. म्हणजे काय झाले? अन्न बंद पडले, की बिघडले?

मुलांचे चुकत नाही. ‘ब्रेक’ म्हणजे मोडणे, ‘डाऊन’ म्हणजे खाली. पण जोडीचा अर्थ अशा बेरजेने निघत नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत ही अडचण नोंदवली आहे. क्रियापदाला छोटे अव्यय जोडून अर्थ पालटायची ही रीत परकीयांना फार जड जाते, हे ओळखून त्याने असे प्रयोग काळजीपूर्वक टिपले. त्यांचे ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र रूढ झाले ते लोगन पीअरसॉल स्मिथच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे. ते नाव ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले होते.

‘ब्रेक डाऊन’चा जुना अर्थ सरळ आहे : भिंत किंवा दार फोडून पाडणे. पुढे त्याला दोन फांद्या फुटल्या. पहिली, निकामी होण्याची. एकोणिसाव्या शतकात यंत्रे वाढली, बंद पडू लागली आणि हा शब्द त्यांना लागू झाला. कोरड्या हवेत दर सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्टचा दाब पडला की हवा विद्युतरोधक राहत नाही, ठिणगी पडते. तोही ‘ब्रेकडाऊन’च.

दुसरी फांदी घटक सुटे होण्याची. पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ साली मोड आलेल्या सातूतून ‘डायास्टेज’ वेगळे केले. ते पिष्टाचे रूपांतर साखरेत करते. मोठा रेणू फुटतो, लहान रेणू मिळतात. बिघडत काहीच नाही. खर्चाचा ‘ब्रेकडाऊन’ म्हणजे खर्चाची फोड, तीही याच फांदीवरची.

अन्नाचे पचन पहिल्या फांदीवर टांगले गेले, की पचन म्हणजे अन्नाची नासाडी अशी चुकीची समजूत मुलांच्या मनात पक्की होते. व्याख्या पाठ असल्याने ती परीक्षेत उघडकीला येतेच असे नाही.

वर्गात सुरुवात मराठीतूनच करावी. ‘पोरं जेवणावर तुटून पडली’ या वाक्यात काय तुटले, कोण पडले? मुले हसतील, आणि जोडीचा अर्थ वेगळा असतो हे त्यांना कळेल. मग फळ्यावर यंत्र, हवा, पिष्ट आणि खर्च असे चार शब्द लिहून प्रत्येकापुढे दोन प्रश्न विचारावेत : मोडले काय? आणि मोडल्यावर हाती काय आले?