आशिष शेलार विरुद्ध महाराष्ट्र विधानसभा

आशिष शेलार विरुद्ध महाराष्ट्र विधानसभा हा विधिमंडळाच्या शिस्तविषयक अधिकाराची मर्यादा ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०२२ रोजीचा निकाल आहे. भारतीय जनता पक्षाच्या १२ आमदारांचे एका वर्षाचे निलंबन त्याने अधिवेशनापुरते मर्यादित केले. या बारांत बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदचे आमदार डॉ. संजय कुटे होते.

पार्श्वभूमी

५ जुलै २०२१ रोजी, दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधीच्या ठरावावरून सभागृहात गदारोळ झाला. नाना पटोले यांच्या राजीनाम्यानंतर अध्यक्षपद रिक्त होते. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव कामकाज चालवीत होते. दालनात आपल्याला शिवीगाळ झाल्याचे जाधव यांनी सांगितले. आमदारांनी ते नाकारले. मंत्री अनिल परब यांनी मांडलेला निलंबनाचा ठराव त्याच दिवशी आवाजी मतदानाने संमत झाला.

निकाल

राज्यघटनेच्या अनुच्छेद २१२ नुसार कार्यपद्धतीतील अनियमिततेच्या कारणावरून विधिमंडळाच्या कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येत नाही. न्या. अजय खानविलकर, न्या. दिनेश माहेश्वरी आणि न्या. सी. टी. रविकुमार यांच्या पीठाने मात्र अनियमितता आणि घटनाबाह्यता यांत भेद केला. विधानसभा नियम ५३ प्रमाणे बेशिस्त सदस्यास त्या दिवसापुरते, आणि पुन्हा तसेच घडल्यास उर्वरित अधिवेशनापुरते, बाहेर ठेवता येते. वर्षभराची शिक्षा त्यात बसत नाही.

निकालाचा गाभा मतदारांच्या हक्काशी निगडित आहे. सदस्याची हकालपट्टी झाली, तर जागा रिक्त होते आणि सामान्यतः सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबनात जागा रिक्त होत नाही आणि प्रतिनिधीही सभागृहात नसतो. म्हणून दीर्घ निलंबन हकालपट्टीहूनही वाईट, असे न्यायालयाने म्हटले. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या मतदारसंघाचा आवाज डिसेंबर २०२१च्या हिवाळी अधिवेशनात असा बंद राहिला; गैरवर्तनाचा आरोप आमदारावर होता, मतदारांवर नव्हे. शिवाय निसटते बहुमत असलेले सरकार विरोधकांची संख्या या मार्गाने घटवू शकेल, हा धोकाही न्यायालयाने लक्षात घेतला.

अमेरिकेतही असा प्रसंग उद्भवला होता. तेथील प्रतिनिधिगृहाने १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातून निवडून आलेले ॲडम क्लेटन पॉवेल यांना सदस्यत्व नाकारले. १९६९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले.

पडसाद

निकालानंतर बाराही आमदारांचा सभागृहाचा मार्ग मोकळा झाला. परंतु विधिमंडळाच्या अधिकारात न्यायालयाने किती प्रवेश करावा, हा विधिमंडळाचा प्रश्न कायम राहिला आणि दोन्ही सभागृहांच्या पीठासीन अधिकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांची भेट घेऊन तो त्यांच्यापुढे मांडला.