तीन झाकणांची किटली

१९२०च्या दशकात चीनमधल्या सूजौ शहराच्या जुन्या बाजारात चू नानछियांग नावाच्या गृहस्थांना एक किटली दिसली. मातीची, झिलई नसलेली आणि दिसायला अगदी ओबडधोबड. झाडाच्या खोडावर कधी कधी फुगीर गाठ येते ना, तशी. अंगभर सुरकुत्या आणि खड्डे. तिच्यावर दोन अक्षरं कोरलेली होती: गोंगचुन.

चू मूळचे यीशिंगचे होते, त्यामुळे हे नाव काय आहे ते त्यांना लगेच कळलं. त्यांनी किटली विकत घेतली. झाकण मात्र मूळचं नव्हतं. आधीच्या मालकाने ते हुआंग यूलिन या नामांकित कारागिराकडून करून घेतलं होतं. हुआंगना तो आकार भोपळ्यासारखा वाटला असावा, कारण त्यांनी झाकणावर भोपळ्याचा देठ काढला. पुढे चित्रकार हुआंग बिनहोंग यांनी ही किटली पाहिली आणि म्हणाले, अहो, खाली झाडाची गाठ आणि वर भोपळ्याचा देठ, हे जुळत कसं नाही? मग चूंनी पेइ शिमिन या कारागिराकडून गाठीला शोभेल असं नवं झाकण करून घेतलं. एक हरवलेलं, एक चुकलेलं आणि एक दुरुस्तीचं, अशी तीन झाकणं.

मला ही गोष्ट आवडते, कारण यीशिंगच्या किटल्या जमवणारे लोक गेली कित्येक वर्षं ज्यावरून भांडतात तो सगळा वाद तिच्यात आहे. एखादी वेडीवाकडी, नेहमीच्या साच्यात न बसणारी किटली समोर आली की एक जण म्हणतो, ‘ही कसली किटली, हे तर शोभेचं खेळणं.’ दुसरा म्हणतो, ‘यालाच कल्पकता म्हणतात.’ आणि पहिला परंपरेचा दाखला देतो. पण ती परंपरा नक्की कुठली?

आधी थोडं यीशिंगबद्दल. शांघायच्या पश्चिमेला, ताइ सरोवराच्या काठी, जियांगसू प्रांतात हे गाव आहे. तिथल्या टेकड्यांत ‘झीशा’ म्हणजे जांभळी वाळू नावाची माती मिळते. खरं तर तो खडकच. तो फोडायचा, उघड्यावर झिजू द्यायचा, दळायचा, मळायचा. भाजल्यावर रंग जांभळट तपकिरी, विटकरी किंवा पिवळट येतो. गंमत म्हणजे या किटल्या चाकावर करत नाहीत. माती लाकडी थापीने बडवून तिचे पातळ पत्रे करायचे, एका पट्टीचा गोल नळा वळायचा आणि बाहेरून थापटत थापटत त्याला पोट आणायचं. आपल्याकडचा कुंभार मडकं चाकावरून उतरवल्यावर थापटून मोठं करतो, त्याच्या जवळचं हे कसब. चाक नसल्यामुळे गोल आकाराची सक्ती नाही. चौकोनी, षट्कोनी, झाडाच्या गाठीसारखी, काय हवी ती किटली करता येते.

आणि ही किटली चुलीवर ठेवायची नसते. आपला चहा पातेल्यात साखर-दुधासकट उकळतो. तिथे किटलीत सुटी पानं घालायची, वरून कढत पाणी ओतायचं आणि लगेच पेल्यांत काढायचं. ही पद्धत रुळण्यामागे एक सरकारी हुकूम आहे. १३९१ साली मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने चहाच्या दाबलेल्या वड्यांचा नजराणा बंद केला आणि सुटी पानं मागवली. वड्या कुटून, भुकटी घुसळून पिणं मागे पडलं, आणि पानं भिजवायला भांडं लागू लागलं.

आता गोंगचुन. तो सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक नोकर. त्याचा मालक अभ्यासासाठी एका देवळात राहिला होता. तिथल्या भिक्खूला मातीची भांडी करताना पाहून पोरगा शिकला आणि आवारातल्या गिंको झाडाच्या खोडावरची गाठ पाहून त्याने किटली केली, अशी कथा. म्हणजे या परंपरेतला पहिला नावाजलेला नमुनाच विचित्र आकाराचा. इतकंच की ही झाली आख्यायिका. ज्या किटलीचा काळ पक्का सांगता येतो अशी सगळ्यात जुनी किटली नानजिंगजवळ वू जिंग या दरबारी खोजाच्या थडग्यात मिळाली, साल १५३३. ती साधी, गोल पोटाची, वरून कमानीसारखा दांडा असलेली. दोन्ही पक्षांना आपापला पूर्वज मिळाला म्हणायचा.

पुढे शी दाबिन आला. तो आधी मोठ्या किटल्या करायचा. मग विद्वान चहाबाजांशी त्याच्या गप्पा झाल्या आणि तो लहान किटल्या करू लागला, असं चौ गाओछी याने १६४०च्या सुमारास लिहून ठेवलंय. आज ‘लहान किटली हीच खरी’ असं ठासून सांगतात, पण तीही कधी काळी गिऱ्हाइकाची नवीन मागणीच होती.

सगळ्यात मजेशीर प्रकरण छन मानशंगचं. हा १७६८ साली जन्मलेला माणूस, पेशाने सरकारी अधिकारी. यीशिंगच्या शेजारच्या लियांगचा दंडाधिकारी. छंद सुलेखन आणि शिक्के कोरण्याचा, आणि त्यात तो देशातल्या पहिल्या रांगेतला. किटली मात्र त्याने स्वतः केलेली नाही. त्याने आकार रेखाटले आणि यांग पंगनियन या कारागिराने ते मातीत उतरवले. विहिरीच्या कठड्यासारखी किटली, अर्ध्या कौलासारखी, बांबूच्या टोपीसारखी. खाली रुंद आणि वर निमुळती, त्रिकोणी ‘शी-प्याव’ही त्यातलीच. वर त्याच्या अक्षरात कोरलेला मजकूर. तळाला मानशंगच्या दालनाचा शिक्का, कानाखाली बारीकसा पंगनियनचा. आमच्या धंद्यात प्रॉडक्टवाले चित्र काढतात आणि ते चालतं करणाऱ्याचं नाव कुठेतरी कोपऱ्यात असतं. त्यामुळे हा दुसरा शिक्का मी जरा जास्त वेळ पाहतो.

विचार करा, तेव्हाच्या एखाद्या जुन्या वळणाच्या कारागिराला हे कसं वाटलं असेल? कौलाच्या आकाराची किटली, तीही हातात कधी माती न धरलेल्या साहेबाच्या सांगण्यावरून! पण हेच आकार ‘मानशंगचे अठरा नमुने’ म्हणून आज परंपरेचा गाभा समजले जातात. १९४८ साली गू जिंगचौ यांनी काही शी-प्याव किटल्या केल्या, त्यांवर वू हूफान या चित्रकाराने बांबू रंगवला. त्यांतली एक २०१० साली बेजिंगच्या लिलावात १ कोटी २३ लाख २० हजार युआनला गेली. साहेबाच्या लहरीची ही किंमत.

मग चांगली आणि वाईट किटली ओळखायची कशी? जुन्या कसोट्या आहेत, आणि मला त्या कुठल्याही शैलीपेक्षा पटतात. झाकण असं बसलं पाहिजे की त्याच्या गुंडीवरचं भोक बोटाने दाबलं की तोटीतून पाणी थांबावं. धार अखंड पडावी आणि थांबवली की थेंब तोटीखाली ओघळू नये. कान बोटांना पोळू नये, भरलेली किटली एका हातात तोलता यावी. झाडाची गाठ असो की कौल, या परीक्षेत सवलत नाही.

गू जिंगचौ गुळगुळीत, साध्या आकारांचे बादशहा. तिथे लपायला जागा नसते, जरा रेघ वाकडी गेली की दिसते. म्हणून बरेच संग्राहक पानाफुलांच्या किटल्यांना कमी लेखतात. मला हे अन्यायाचं वाटतं. जियांग रोंग या बाईंची कमळाची किटली पाहा. पोट म्हणजे उमललेलं कमळ, तोटी म्हणजे गुंडाळलेलं पान, झाकण म्हणजे कमळाचा बियांचा गड्डा आणि त्यावर बेडूक. आता बेडूक धरून झाकण उचलायचं! पण विनोद बाजूला ठेवला तर प्रत्येक भागाला काम आहे. तक्रारच करायची तर एवढीच, की अशा खाचाखोचा पुसून कोरड्या करायला वेळ लागतो.

गू आणि जियांग दोघंही एके काळी शांघायमध्ये पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्यांसाठी जुन्या उस्तादांच्या नकला करत होते. त्यांत सतराव्या शतकाच्या अखेरीस नावारूपाला आलेला छन मिंगयुआनही होता. तो सरपणाच्या मोळीसारखी किटली करायचा, शिवाय मातीचे हुबेहूब शेंगदाणे आणि अक्रोड. हे दोघं तेव्हा ऐन विशीच्या आसपास होते. हात त्यांचे, पैसे बऱ्याच अंशी व्यापाऱ्याचे, नाव मेलेल्या माणसाचं. शुद्ध परंपरेच्या गप्पा ऐकताना मला हेच आठवतं.

नवे आकार येतच राहिले. १९८८ साली जांग शौजी या बेजिंगच्या प्राध्यापकाच्या रेखाटनावरून वांग यिनशियन यांनी ‘छू’ म्हणजे वक्र किटली केली. तोटी, पोट आणि कान एकाच गोगलगायीसारख्या वळणात. पुन्हा तीच जोडी, कागदावर बाहेरचा माणूस आणि मातीत कारागीर. त्याच दशकात अमेरिकेत रिचर्ड नॉटकिन या शिल्पकाराने यीशिंगचं नाव देऊन किटल्यांची मालिकाच केली. १९८३ सालची त्यांची एक किटली अणुभट्टीच्या शीतमनोऱ्यांची आहे. ती पाहून चहा प्यावासा वाटत नाही, आणि त्यांचा हेतू बहुधा तोच असावा. मी तिला किटली म्हणणार नाही, पण शिल्प म्हणून ती माझ्या डोक्यातून जात नाही.

चूंनी ती गाठीची किटली पुढे सरकारला दिली आणि आता ती बेजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पेइ शिमिनच्या झाकणाच्या कडेवर सगळी हकीकत कोरलेली आहे: किटली गोंगचुनची, तिला चुकून भोपळा समजला तो हुआंग यूलिन. हुआंग तोवर वारले होते. आणि गू जिंगचौंसारख्या जाणकाराचं मत असं, की ही किटली गोंगचुनची नाहीच, ती हुआंग यूलिनच्याच हातची आहे. ते खरं असेल तर ज्याने ती घडवली त्यालाच, त्याच्याच किटलीच्या झाकणावर, ती ओळखता आली नाही म्हणून दोष दिलाय. आणि कोण जाणे, तो भोपळाच असेल.